खिडकी स्वतः बसविण्याचा सोस आणि आपले कारागीर

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीत जुन्या लाकडी-लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविण्याचे काम बारमाही चालू असते. अलीकडे मोबाईलवर पाहून हे काम स्वतःच करणारे निघाले आहेत. मजुरी वाचते हे खरे, पण पहिल्या पावसापर्यंतच.

तयार खिडकी काटकोनात असते, भिंतीतील जागा नसते. जुन्या इमारतीत वरच्या व खालच्या रुंदीत दोन-तीन सुतांचा फरक सहज निघतो. म्हणून जाणता कारागीर रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजतो, दोन्ही कर्ण ताडून पाहतो आणि सर्वांत कमी मापातूनही थोडी जागा सोडून चौकट कापतो. आमच्या कापडाच्या धंद्यात बरे आहे. शिंपी आत मार्जिन ठेवतो, उसवून कपडा वाढविता येतो. आखूड कापलेला सेक्शन मात्र भंगारातच जातो.

आपल्याकडे पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. खालच्या फरशीला बाहेर उतार नसला, ट्रॅकची पाणी जाण्याची भोके सिमेंटने बुजली, किंवा धूळ न पुसता सिलिकॉन ओढले, की पाणी थेट घरात. वरच्या मजल्यावर बाहेर वाकून चौकट धरणे तर जिवाशी खेळ. खिडकी मोठी करण्यासाठी भिंत फोडणे त्याहून वाईट. शीळ फाट्याजवळची बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ७४ माणसे गेली. अशा कच्च्या बांधकामांच्या भागात इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी चालवूच नये.

तरी सगळा दोष गिऱ्हाइकावर टाकता येणार नाही. आगाऊ रक्कम घेऊन आठवडा-आठवडा न फिरकणारे, फोन न उचलणारे, बिल मागितले की तोंड फिरविणारे आपल्यातच आहेत. अशांना कंटाळूनच माणूस स्वतः ड्रिल हातात घेतो. माप-तोलात चोख राहण्याची जी ताकीद आपल्याला आहे, ती काय फक्त तराजू धरणाऱ्याला आहे? टेप धरणाऱ्यालाही आहेच.

माझे मत असे, की कारागिराने माप घेण्याची उजरत वेगळी ठरवावी. ज्याला स्वतः बसवायची आहे, त्याच्याकडेही नाक न मुरडता मापापुरते जावे. ओळंबा आणि पाणसळ न बघता बिघडलेले काम पुढे बहुधा त्याच्याचकडे येते. सेक्शनची व काचेची जाडी, मजुरी आणि काम पुरे करण्याची तारीख कागदावर असावी. पहिल्या पावसानंतरची एक फेरी विनामूल्य, हेही त्याच कागदावर लिहून खाली सही करावी.