नाच्याला हसलात, आता त्याच्याबरोबर हसा

शालिमारला चहा पिताना चळवळीतले एक जुने सहकारी मला म्हणाले, "आपल्या पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि तू समलैंगिकांच्या विनोदी प्रेमकथा वाचत बसलास? हे उच्चवर्णीयांचे चोचले आहेत. आपला प्रश्न नाही."

"आपला प्रश्न नाही" हे वाक्य आपण फार ऐकलेले आहे. ते आपल्याच तोंडून आले म्हणून हा लेख.

१९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापील उत्तरे दिली होती, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. पुण्या-मुंबईतली सनातनी मंडळी चवताळली होती. अशा माणसाचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेले होते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता. डोक्यावर कामाचा एवढा डोंगर असलेला माणूस कर्व्यांना "हा आमचा प्रश्न नाही" असे सहज सांगू शकला असता. सांगितले नाही. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, ती गोष्ट वेगळी.

आता विनोदाकडे येतो, कारण सहकाऱ्यांची खरी अडचण तिथे होती. "दुःखाची गोष्ट असेल तर समजू शकतो. हसायचं काय त्यात?" असे ते म्हणाले.

मराठी माणूस याच विषयावर पिढ्यानपिढ्या हसत आला आहे. तमाशातला नाच्या आठवा. कमरेत लचकला की तंबूत शिट्ट्या. गणपत पाटलांनी सिनेमात ती भूमिका इतकी चोख केली की लोक त्यांच्या खऱ्या संसाराबद्दल कुजबुजत राहिले. 'नटरंग'मधला गुणा कलेपायी नाच्या होतो आणि त्याची किंमत देहाने आणि घरादाराने मोजतो. म्हणजे हसणे होतेच. ते नाच्याकडे बोट दाखवून होते, एवढेच.

हसणे बंद झाले की दुसरी वाट दयेची. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली मित्रा आत्महत्या करते. नाटक धाडसाचे, त्याबद्दल वाद नाही. पण अशा गोष्टी एकामागून एक बघितल्या की प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो आणि त्याला वाटते, आपण माणुसकी दाखवली. ही दया आपल्या ओळखीची आहे. 'हरिजन' म्हणून आपल्यावर जी कणव ओतली गेली, तिला बाबासाहेबांनी नकार दिला, कारण दया करणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो. हक्क मागितला की त्याची दया आटते.

विनोदी प्रेमकथेत ती पायरी उरत नाही. दोन पोरे प्रेमात आहेत, एकाची बस चुकते, दुसऱ्याची आई नेमका नको तेव्हा फोन करते, भांडण मिसळीत रस्सा किती यावरून होते, आणि शेवटी कोणी मरत नाही. वाचणाऱ्याला त्यांची कीव करायला वेळच मिळत नाही, तो त्यांच्या पंगतीत बसून हसत असतो. तरुण पोरे या गोष्टी का शोधून वाचतात, याचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे. सामान्य असण्याचा हक्क तिथे न मागता मिळतो.

आणि विनोद हलका, हे नाशिककरांनी तरी म्हणू नये. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा याच जिल्ह्यातला. जलशातून गणपतीचे स्तवन गेले, आचकट-विचकट विनोद गेला, पण हसणे गेले नाही. भटाची, सावकाराची आणि आपल्याच लोकांच्या अंधश्रद्धेची टर उडवली गेली. हसण्याचा रोख वर वळवला, बस.

याच मापाने आजचा माल मोजला की सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे निघते, हेही कबूल करतो. २०२० चा 'शुभ मंगल ज्यादा सावधान' मी पोट धरून बघितला. काळी फुलकोबी पिकवणारा बाप झकास आहे. पण घर त्रिपाठींचे. 'बधाई दो'त नायक ठाकूर. सगळा गोंधळ दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमाचा, जातीचा प्रश्न बाजूलाच राहतो. जणू घरच्यांनी एकदा मुलाचा प्रियकर स्वीकारला की तो कोणत्या वस्तीतून आला हे कोणी विचारणारच नाही! सैराट झालेल्या महाराष्ट्रात यावर कोण विश्वास ठेवेल?

आर. राज राव यांची इंग्रजी कादंबरी 'द बॉयफ्रेंड' २००३ साली आली. मुंबईतला उच्चवर्णीय पत्रकार यूडी आणि दलित पोरगा मिलिंद महाडिक. यूडीची समजूत अशी की आपण समलैंगिक म्हणजे जातीबाहेरचेच. लेखक या समजुतीची भरपूर फजिती करतो. पुस्तक चावट आहे, काही ठिकाणी मला पटतही नाही. मिलिंद आतून अजून दिसायला हवा होता, तो बराचसा यूडीच्या नजरेतूनच दिसतो. तरी प्रेमाच्या अंथरुणात जात झोपलेली असते हे हसत हसत सांगणारे पुस्तक म्हणून ते मला मोलाचे वाटते. मिलिंदने लिहिलेली गोष्ट मात्र अजून यायची आहे. ती यूडी लिहिणार नाही, आणि आपण "चोचले" म्हणत राहिलो तर मिलिंदही लिहिणार नाही.

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका पोराने वही आणून दिली. भीमजयंतीच्या मिरवणुकीत दोघांची ओळख होते. पुढे एकाची मावशी दोघांसाठी एकाच घरातल्या दोन बहिणींचे स्थळ आणते, आणि "साडू होऊन तरी जवळ राहू" असा बेत दोघे करतात. बहिणींना वास येतो, आणि मावशीची जी काय वाट त्या लावतात! मी वही शालिमारला नेली. सहकारी चष्मा लावून वाचत होते. मावशीपाशी आले आणि चहा सांडेपर्यंत हसले. मग म्हणाले, "कोणाचा पोरगा हा?"

मी सांगितले नाही. पोराने वही देताना खाली नाव घालू का, असे मला विचारले होते, आणि तेव्हाही मी घाल म्हणालो नव्हतो. त्याला अजून त्याच वस्तीत, त्याच गल्लीत, याच सहकाऱ्यांच्या शेजारी राहायचे आहे.