खाटेशेजारी बसायचे कोणी?

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ८२ वर्षांची एक करोनाबाधित वृद्धा बेपत्ता झाली. शोधाशोध झाली, पोलिसांत तक्रार गेली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जणांचे निलंबन झाले, सर्वत्र संताप व्यक्त झाला आणि यथावकाश विषय मागे पडला. परंतु त्या घटनेने उभा केलेला प्रश्न निलंबनाने सुटणारा नव्हता. स्वतःला सांभाळू न शकणाऱ्या रुग्णावर सतत लक्ष ठेवणे हे आपल्या रुग्णालयांत नेमके कोणाचे काम आहे?

साथीपूर्वी हा प्रश्न कोणी विचारीत नव्हते, कारण त्याचे उत्तर गृहीत धरलेले होते. ते काम नातेवाइकांचे! पास घेऊन कक्षात शिरायचे, रात्र खाटेखाली सतरंजीवर काढायची, सलाईन संपत आली की परिचारिकेला हाक मारायची, रुग्णाला हात धरून स्वच्छतागृहापर्यंत न्यायचे. संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना दाराबाहेर थांबविले गेले, तेव्हा कोणत्याही हजेरीपटावर नसलेले हे श्रम एकाएकी नाहीसे झाले. त्यांची जागा घेण्यास मात्र कोणी नव्हते.

हे काम म्हणजे नुसते बसणे, असा समज आहे. तो खरा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर किंवा तीव्र आजारात वृद्धांना अनेकदा तात्पुरता भ्रम होतो. तो दिवसा ओसरतो आणि रात्री बळावतो. मग रुग्ण सलाईन उपसतो, लघवीची नळी ओढतो, खाटेचा कठडा ओलांडून खाली उतरू पाहतो. अशा वेळी शेजारी जागा असलेला माणूस त्याला ओळखीच्या शब्दांत ठिकाणावर आणतो, चष्मा डोळ्यांवर चढवितो, वेळेवर परिचारिकेला बोलावतो. जीवनाला विटलेल्या रुग्णाजवळ बसणाऱ्याची जबाबदारी तर याहून कठीण असते. पडण्यामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे मृत्यू पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत वृद्धांचे प्रमाण सर्वाधिक असते.

माणूस नसेल तेथे पट्टी येते. अस्वस्थ रुग्णाचे हात खाटेला बांधणे हा मनुष्यबळाच्या टंचाईवरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल आणि मानसोपचारतज्ज्ञाची अनुमती असेल, तरच शारीरिक बंधन घालण्याची मुभा ठेवली. दाखल केलेल्या अल्पवयीन रुग्णाजवळ त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने राहावे, असेही त्यात म्हटले आहे. हा कायदा मानसिक आजारापुरता असला, तरी त्यामागचे तत्त्व सर्वच कक्षांना लागू पडते. बांधायचे नसेल, तर सोबत द्यावी लागेल.

मग खर्चाचा मुद्दा येतो. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून, रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचारांचा वाढीव खर्च रुग्णालयांना देणे बंद केले. पडण्याची किंमत रुग्णालयाच्या खात्यावर पडू लागली आणि ते टाळण्याची निकडही रुग्णालयाला वाटू लागली. खाटेशेजारी माणूस बसविणे आणि कॅमेऱ्यातून अनेक खाटांवर नजर ठेवणे, असे उपाय तेथे योजले जातात. त्यांतून एक दोषही पुढे आला आहे: पडू नये म्हणून रुग्णाला चालूच द्यायचे नाही आणि त्याचे पाय अधिक दुबळे करायचे! केवळ माणूस बसविल्याने पडणे थांबते, याचा निर्णायक पुरावाही नाही. तात्पर्य, बसणाऱ्याला काय करायचे हे शिकविलेले असले पाहिजे.

आपल्याकडे ही किंमत कुटुंबाच्या खात्यावर आहे. रोजंदारीवरच्या मुलाने आईजवळ बसायचे, तर मजुरी बुडते. ज्यांना परवडते ते ब्यूरोमार्फत बारा तासांच्या पाळीची बाई ठेवतात. ती बहुधा स्वतः गरीब घरातली असते. तिच्या हाती पडणाऱ्या पैशांतून ब्यूरोचा वाटा कापला जातो आणि काही बिघडले तर पहिला ठपका तिच्यावरच येतो. सरकारी रुग्णालयातील ‘मावशी’ आणि ‘मामा’ यांच्याकडे ट्रॉली ढकलण्यापासून नमुने पोहोचविण्यापर्यंत इतकी कामे असतात की, एका खाटेशी थांबणे त्यांना अशक्य होते.

परिचारिकाच अपुऱ्या असताना ही चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु प्रत्येक खाटेला पहारेकरी द्या, अशी मागणी कोणी करीत नाही. दाखल होतानाच रुग्णाची पडण्याची, भ्रमाची किंवा आत्मघाताची शक्यता नोंदविता येते आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच सोबत देता येते. त्या सोबत्याचे काम लेखी ठरलेले असावे. औषध देऊ नये, एकट्याने रुग्णाला उचलू नये, डुलकी येण्यापूर्वी बदली मागता यावी आणि त्याच्या हाकेला परिचारिकेने उत्तर द्यावे. मुख्य म्हणजे त्याचा पगार रुग्णालयाच्या खर्चात धरलेला असावा. नातेवाईक बसतील तेव्हा ते मायेपोटी बसावेत, दुसरा कोणी नाही म्हणून नव्हे.

परंपरेने कुटुंबाने रुग्णाची सेवा करणे ही आपली जमेची बाजू आहे, हे निर्विवाद. पण त्या परंपरेच्या आड शासनाने आपली जबाबदारी लपवू नये. ज्याचे कोणी नाही, अशा रुग्णाच्या खाटेशेजारी रात्री दोन वाजता कोण असते, यावरूनच सार्वजनिक रुग्णालयाची पारख झाली पाहिजे.