आडनावाची चाळणी

“नाव कळलं, आडनाव सांग.” भोसरीत खोली बघायला आलेला पोरगा असो की चाकणला ठेकेदाराच्या टेबलासमोर उभी राहिलेली मुलगी, हा प्रश्न चुकत नाही. विचारणाऱ्याची खात्री असते की आडनाव कळलं म्हणजे जात कळली, आणि जात कळली म्हणजे माणूस कळला. त्यातही आडनाव इथल्या ठरावीक घराण्यांपैकी निघालं तर तो गाववाला, नाहीतर बाहेरचा. या समजाला हल्ली विद्वत्तेचा मुलामाही चढतो. मोरे म्हणजे मौर्य, असं सांगत मधली दोन हजार वर्षं एका उडीत ओलांडली जातात. ध्वनी जुळला म्हणून वंश जुळत नाही. हा सगळा पूर्वपक्ष चुकीचा आहे आणि घातकही आहे.

मोऱ्यांचंच उदाहरण घेऊ, कारण ते इथलं आहे, देहूचं. तुकोबांचं घराणं मोऱ्यांचं, पण त्यांचं आडनाव आंबिले सांगितलं जातं. घरात महाजनकी आणि वाण्याचं दुकान. अभंगांत ते स्वतःला कुणबी म्हणवून घेतात. वंशज मोरे हे आडनाव लावतात, तर त्याच घराण्यातून पुढे आलेला वारकऱ्यांचा फड देहूकरांचा म्हणून ओळखला जातो. कूळ, आडनाव, व्यवसाय, गाव अशी चार नावं एकाच घरात नांदतात. गेटवरच्या रजिस्टरात यातलं कोणतं लिहायचं, आणि त्यावरून तुकोबांविषयी नेमकं काय कळणार? स्वतः त्यांनी तर अभंगाच्या शेवटी नुसतं ‘तुका’ एवढंच ठेवलं.

देहूहून चिंचवडला या. मोरया गोसावींचं घराणं मूळचं शाळिग्राम. त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांना तुकोबांनी ‘देव’ म्हणून संबोधलं आणि तेव्हापासून घराण्याचं आडनाव देव झालं, अशी परंपरा आहे. म्हणजे शहराच्या सगळ्यात मानाच्या घराण्याचं आडनावसुद्धा मधल्या काळात बदललेलं आहे. याच चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जून 1897 च्या रात्री पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली आणि हे नाव देशभर पोचलं. ते घराणं कोकणातलं, वेळणेश्वरच्या बाजूचं. आजचा ‘गाववाला की बाहेरचा’ हा निकष त्यांना लावायचा, तर चापेकर वाड्यालाच बाहेरचा ठरवावं लागेल. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांच्या आडनावांतलं ‘आणी’ हे शेपूट गाव सांगत नाही, पूर्वजाचं नाव सांगतं. त्यांचं गाव सीमेपलीकडे राहिलं. या कुटुंबांच्या नातवंडांचा जन्म पिंपरीतला आहे. ती अजून कोणत्या अर्थाने बाहेरची?

गाववाल्यांची बाजू मी झटकून टाकत नाही. काळेवाडी, लांडेवाडी, कस्पटे वस्ती, काळभोरनगर: या पट्ट्यात माणसांनी गावाचं नाव घेण्याऐवजी गावांनी आणि वस्त्यांनीच माणसांची आडनावं घेतली आहेत. ज्यांच्या शिवारावर कारखाने उभे राहिले, 1970 मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका आणि 1982 मध्ये महापालिका झाली, त्यांना लाखोंच्या गर्दीत आपलं नाव पाटीवर तरी टिकावं असं वाटणं अगदी रास्त आहे. पण आपलं नाव टिकवण्याचा हक्क वेगळा आणि त्या नावाने दुसऱ्याला मोजण्याचा हक्क वेगळा. पहिला त्यांचा आहे, दुसरा कोणाचाच नाही.

आता जातीचा मुद्दा. पाटील हे आडनाव मराठ्यांत आहे, लिंगायतांत आहे, जैनांत आहे, आगरी-कोळ्यांत आहे, मुसलमानांतही आहे. देशमुखांचं तसंच. ही वतनी पदं होती. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली, आडनावं तेवढी राहिली. फडणीस, चिटणीस, पारसनीस या नावांतला ‘नीस’ फारसीतला ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. दरबारात लेखणी चालवणाऱ्याचं काम हेच पुढे त्याच्या घराची ओळख झालं. जगातही आडनावं अशीच घडली आहेत. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरिया यांनी 1849 मध्ये आडनावांची छापील यादी काढून ती लोकांत वाटायला लावली. तुर्कस्तानात 1934 च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घेणं भाग पडलं. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना वंशपरंपरेचं आडनाव नाही, आई किंवा वडिलांच्या नावावर काम भागतं. चाकणच्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी तमिळ आणि बिहारी कामगार असेच आहेत. अर्जात आडनावाचा रकाना भरायचाच म्हणून कोणी तिथे वडिलांचं नाव लिहितो, कोणी ‘कुमार’ लिहितो. त्या ‘कुमार’वरून कुळी शोधत बसणाऱ्याला काय सापडणार आहे?

मग इतक्या कच्च्या खुणेने काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. पुष्कळ बिघडतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. पदवी तीच, गुण तेच, आणि अर्जदाराचा चेहरा कोणी पाहिलेलाही नव्हता.

यावर काही सुधारक म्हणतात, आडनावच टाकून द्या. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे, पण हे मला पटत नाही. ज्यांना टाकायचं त्यांनी जरूर टाकावं. सगळ्यांनी टाकलं तर मात्र आपल्या स्थलांतराचा, कामाचा, गावाचा घरोघरी असलेला दस्तऐवज पुसला जाईल, आणि ज्याला जात हुडकायची आहे तो गाव विचारेल, पाहुणे विचारेल. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं. वडिलांनी शाळेत आंबडवे या गावावरून आंबडवेकर असं नाव घातलं आणि पुढे ते आंबेडकर झालं. ते नाव आज कोट्यवधींना ताठ मानेने उभं राहायला बळ देतं. नाव पुसून नव्हे, नावाचा अर्थ बदलून हे घडलं. राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये ठरवलं की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लागेल. नावाची रचना माणसं बदलू शकतात, याचा याहून ताजा पुरावा नको.

म्हणून आडनाव राहू दे. शाळेत मुलांना ते इतिहास म्हणून वाचायला शिकवा: आपल्या घरी किती पिढ्या हे आडनाव आहे, आधी कोणतं होतं, कोणत्या गावाहून आलो, हे आजी-आजोबांना विचारून लिहून काढू दे. आणि पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांनी, ठेकेदारांनी भरतीच्या पहिल्या फेरीत अर्जावरचं नाव झाकून फक्त क्रमांक ठेवावा. खोली देणाऱ्यांनी भाडं आणि अनामत रक्कम विचारावी, हवं तर कामाचं पत्र मागावं. करार करताना कागदावर आडनाव येणारच आहे. खोली दाखवण्याआधी ते विचारू नका.