गुणवत्तेचे दोन तराजू

गरिबाच्या मुलाला शिक्षणात सवलत देण्याचा विषय निघाला, की आपल्या सुशिक्षित समाजाला गुणवत्तेची आठवण होते. डॉक्टर हा गुणांवरच निवडला गेला पाहिजे, असे ठासून सांगितले जाते. मान्य. परंतु हाच तराजू श्रीमंताच्या दारी नेला, तर त्याचा काटा तेथे सरळ राहतो काय?

वैद्यकीय प्रवेशाचेच पाहा. २०२४ साली ‘नीट’मध्ये तेरा लाखांहून अधिक उमेदवार पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात सव्वा लाखाच्याही आत होत्या. शासकीय जागा त्यांच्या निम्म्याच्या आसपास. ज्याची शासकीय जागा थोडक्यात हुकली, त्याच्यापुढे खाजगी महाविद्यालय उभे राहते. काही अभिमत विद्यापीठांचे शुल्क तर वर्षाला वीस लाखांहून अधिक आहे! शेतमजुराचा मुलगा तेथून मुकाट्याने परततो आणि यादीत त्याच्या कितीतरी मागे असलेला धनिकपुत्र त्या जागेवर बसतो. येथे गुणवत्तेचा कैवार घ्यायला कोणीही पुढे येत नाही.

२०२३ साली रिकाम्या जागा भरण्यासाठी पदव्युत्तर ‘नीट’ची पात्रता सर्वच वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. अनिवासी भारतीयांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली १५ टक्क्यांपर्यंत जागांची मुभा दिली. पुढे पंजाब सरकारने तीत काका, मामा, आत्या अशा दूरच्या नातेवाइकांचीही सोय केली. २०२४ साली न्यायालयांनी ती हाणून पाडली, हे बरेच झाले.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १९८३ नंतर येथे विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे पेव फुटले. १९८७ साली देणगीवर कायद्याने बंदी आली. मेजाखालून जे घेतले जात होते, त्यातले पुष्कळसे आज शुल्काच्या नावाने मेजावरून घेतले जाते, इतकाच फरक.

संस्था चालवायला पैसा लागतो, असे उत्तर मिळते. लागतो, हे कोण नाकारतो? खर्च कोणी सोसावा हा एक प्रश्न. जागा कोणाला मिळावी हा दुसरा. जागा गुणक्रमानेच द्यावी. ऐपत असेल त्याच्याकडून शुल्क घ्यावे आणि नसेल त्याचे शासनाने व संस्थेने मिळून भरावे. मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना महाराष्ट्र शासनाने २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी दिलीच ना? म्हणजे मनात असले, तर वाट सापडते.

घटनेच्या ३० व्या कलमाने आपल्या समाजालाही संस्था चालविण्याचा हक्क दिला आहे. तो दुर्बलांच्या रक्षणासाठी आहे, बाजारासाठी नव्हे. आपल्या संस्थांत किती गरीब मुले शिकतात, त्यांचे शुल्क कोण भरते, हे पालकांनी व्यवस्थापनाला उघडपणे विचारावे. आणि मुलासाठी जागा विकत घेण्यापूर्वी प्रत्येक बापाने क्षणभर थांबून स्वतःलाही विचारावे, की ही जागा आपण नेमकी कोणाच्या लेकराच्या हातून काढून घेत आहोत?