आईच्या रक्तावर ठपका कशासाठी?

बाळाच्या अंगावर लाल ठिपके उठले, तपासणीत प्लेटलेट्स कमी निघाल्या आणि सासरी निकाल लागला: "सुनेच्या रक्तातच दोष!" माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईला एवढ्यावर माहेरी धाडलं होतं. डॉक्टर एकच वाक्य बोलले होते, "आईच्या अँटिबॉडीज बाळात गेल्या." पुढचा अर्थ घराने आपल्या सोयीने लावला.

मैत्रिणींनो, हा अर्थ आपणच खोडून काढला पाहिजे. प्लेटलेट्स रक्त गोठायला मदत करतात. आईच्या अँटिबॉडीज वारेतून बाळाकडे जातात, एरवी त्या बाळाचं रक्षणच करतात. क्वचित त्या बाळाच्या प्लेटलेट्स नष्ट करतात. याचे मुख्य प्रकार दोन. एकात आईला आयटीपी हा आजार असतो. दुसऱ्यात आई ठणठणीत असते. पण बाळाच्या प्लेटलेट्सवर बापाकडून आलेली, आईकडे नसलेली खूण असते आणि अँटिबॉडीज त्या खुणेविरुद्ध तयार होतात. म्हणजे दोषच शोधायचा तर बापाचाही वाटा आहे. यासाठी कोणा नवऱ्याला घराबाहेर काढल्याचं ऐकलं आहे? खरं तर दोष कुणाचाच नाही.

दोष आहे तो दुर्लक्षाचा. पाळीत अतोनात रक्त जातं, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळे-निळे डाग पडतात. बाई सांगते, उत्तर मिळतं, "बायकांचं चालायचंच." गरोदरपणी हिमोग्लोबिन पाहतात, प्लेटलेट्सचा आकडा कोण पाहतं? आयटीपी असलेल्या आईच्या बाळाच्या प्लेटलेट्स जन्मानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत खाली जाऊ शकतात. नेमकं तेव्हा खाट रिकामी करायची घाई! बहुतेक बाळं काही आठवड्यांत सावरतात. पण क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो. दुसऱ्या प्रकारात पुढच्या बाळाला धोका अधिक असू शकतो, म्हणून निदान कागदावर हवंच.

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधं, रक्त मोफत मिळणं हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आशाताई तिसऱ्या दिवशी घरी येतात, त्यांना हे ठिपके ओळखायला शिकवा. प्रत्येक गरोदर बाईच्या प्लेटलेट्स मोजा. निदान तिला, तिच्या भाषेत, नवऱ्यासमोर समजावून सांगा आणि लिहून द्या.

गटागटांतून ही मागणी आरोग्य केंद्रापर्यंत न्या. अर्धवट सांगितलेल्या निदानापायी एकाही बाईचं घर सुटता कामा नये.