सड्यावर चढून धंदा होत नाही

गावाकडे वेगवान इंटरनेट हवंच कशाला, असं विचारणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ. ते म्हणतात, आंब्याला मोहोर काही नेटमुळे येत नाही. तुडतुडे, थ्रिप्स आणि अवकाळी पावसाने बागायतदार मेटाकुटीला आलेला असताना फायबरच्या गप्पा कसल्या? बोलायला आणि पैसे घ्यायला हातात मोबाइल आहेच की.

यातलं मोहोराचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण पिकवणं वेगळं आणि विकणं वेगळं, आणि कोकणातलं आंब्याचं घर नागवलं जातं ते विकताना. फवारणीला, गड्यांच्या मजुरीला दलालाकडून उचल घेतलेली असते. मग पेट्या त्यालाच. वाशीच्या बाजारात काय दर लागला हे विक्रीची पट्टी आल्यावर कळतं, आणि तोवर फळ कुणीतरी खाऊन मोकळं झालेलं असतं. घासाघीस करायची संधी येतच नाही.

२०२० च्या टाळेबंदीत ही साखळी तुटली. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी व्हॉट्सॲपवर मागण्या नोंदवल्या आणि कित्येक बागायतदारांनी पेट्या थेट त्यांच्या दारात उतरवल्या. पैसे आगाऊ आले. आगाऊ पैसे आले की उचलीची गरज तेवढी कमी होते, हे त्या हंगामात अनेक घरांनी अनुभवलं. जिथे रेंज नव्हती त्या वाड्यांना मात्र ही वाट बंदच राहिली.

मोबाइल पुरेसा आहे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याच्या बाजूने वारणेचा दाखलाही देता येईल. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावं संगणकांनी जोडण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला, आणि पुढे तिथल्याच एका प्रयोगात संगणकांचं काम मोबाइलच्या एसएमएसवर भागलं. खरं आहे. पण तिथे कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काय हवं होतं? आपला ऊस किती टन भरला, एवढा आकडा. गिऱ्हाईक ठरलेलं, कारखाना ठरलेला. आज थेट विकणाऱ्या घराला आकडा मिळवून भागत नाही. त्याला आपला माल समोरच्याला दाखवायचा असतो. माहिती घरातून बाहेर जायची असते, आणि नेमकं तिथेच आमचं मोबाइलचं नेट मान टाकतं.

आमच्या वाडीत हे एप्रिल-मे महिन्यांत रोज दिसतं. अढीतल्या फळांवर पिवळी झाक आली की ती पेटी उद्या निघालीच पाहिजे. पुण्याचं गिऱ्हाईक म्हणतं, आजचा माल दाखवा. वहिनी पेंढा बाजूला सारून मिनिटभराचा व्हिडिओ काढते. तो जात नाही. मग हातातलं पॅकिंग टाकून पाखाडी चढायची, वर रेंज येते त्या सपाट सड्यावर उभं राहून व्हिडिओ पाठवायचा, पैसे जमा झाल्याचा मेसेज तिथेच बघायचा आणि पुन्हा खाली यायचं. तोवर पार्सलची गाडी गेली तर पेटी आणखी एक रात्र घरात राहते. हापूस कुणासाठी थांबत नाही. दोन रात्री गेल्या की उरलेला आंबा कॅनिंगला, किलोच्या भावात. घरातलं एक कर्तं माणूस असं सड्यावर अडकतं, याची किंमत कोणत्याच हिशेबात लिहिली जात नाही, म्हणूनच ती कुणाला मोठी वाटत नाही.

तिसरी भीती अशी, की आज दलाल आहे, उद्या त्याच्या जागी बडी ॲपवाली कंपनी बसेल. ही भीती खोटी नाही. पण कंपनीच्या दारात जावं लागतं ते मुख्यतः ज्यांना फोटो, पैसे आणि पार्सलचा माग स्वतः सांभाळता येत नाही त्यांना. ज्या घराकडे स्वतःची गिऱ्हाइकांची यादी आहे, त्याला कंपनीला नाही म्हणता येतं. खबर स्वतःच्या हातात असली की काय होतं, यासाठी केरळच्या मच्छीमारांवरचा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा अभ्यास आठवतो. समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरात भाव आहे हे कळू लागल्यावर मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त पडली आणि वाया जाणारी मासळी जवळजवळ संपली. नाशवंत मालाच्या धंद्यात वेळेवर पोचलेली खबर दोन्ही टोकांना पैसे देते. आंबाही नाशवंतच.

मग अडतं कुठे? ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. आज ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. कोकणात एक गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. तार पंचायतीच्या कार्यालयात आली म्हणजे वाडीत आली असं होत नाही. २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामीण घरांपर्यंत जोडण्या नेण्याचंही ठरलं आहे. तेव्हा ग्रामसभेत मागायचं ते नेमकं मागू या : वाडीपर्यंत फायबर, वीज गेल्यावर यंत्रणा चालू ठेवणारी बॅटरी, आणि तुटलेली तार जोडता येणारं गावातलंच एखादं प्रशिक्षित पोर. बॅटरी आणि गावातलं पोर कशाला, तर जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे वीज आणि फोन किती दिवस बंद होते, हे तिथली माणसं विसरलेली नाहीत. आणि फायबरचं हे सगळं काम पेट्या भरायला लागण्याआधी, फेब्रुवारीच्या आत व्हायला हवं.