आईने परदेशी कशासाठी जावे?

म्हापशाच्या बाजारात परवा एका परिचित गृहस्थांनी मला हटकले. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही नवराबायको पाच आठवडे परमुलखात पायपीट करून आलात, ते तुमचे तुम्ही जाणे; पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला त्यात कशाला ओढलेत?" प्रश्न भर रस्त्यात विचारला गेला, तेव्हा त्याचे उत्तरही जाहीरपणे द्यावे, हे बरे. शिवाय हा प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाही. लग्नमुंजींच्या पंगतींत आणि कोर्टाच्या व्हरांड्यातही तो मला अनेकदा ऐकवण्यात आला आहे.

हकीकत थोडक्यात अशी. 2025 च्या एप्रिलमध्ये मी व माझी पत्नी लिस्बनच्या कातेद्रालपासून निघालो आणि तोमार, कोइंब्रा, पोर्तो या वाटेने स्पेनच्या गालिसिया प्रांतातील सांतियागोपर्यंत सुमारे 620 किलोमीटर पायी गेलो. संत याकोबाच्या समाधीकडे जाणाऱ्या या वाटा मध्ययुगापासून चालू आहेत. त्यांवर भाविक असतात, तसेच नुसत्या चालण्याच्या हौसेने आलेलेही असतात. 2024 साली सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात पाच लाखांच्या आसपास माणसांची नोंद झाली. भिंतींवर, दगडांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. ते पाहत चालावे, मुक्कामाला पोचल्यावर यात्रेच्या पुस्तिकेवर शिक्का उमटवून घ्यावा आणि सकाळी पुन्हा चालू लागावे, एवढाच दिनक्रम. आई पोर्तोला विमानाने येऊन आम्हांला मिळाली. पुढच्या वाटेवर ती दररोज सहा-सात किलोमीटर चालत असे. उरलेला पल्ला बसने किंवा टॅक्सीने गाठून मुक्कामावर आमची वाट पाहत बसे.

आता आरोपांकडे वळू. आई येण्यापूर्वी लोक म्हणत होते, "म्हाताऱ्या आईला एकटी टाकून हे दोघे भटकायला गेले." ती येऊन मिळाल्यावर तेच लोक म्हणू लागले, "म्हाताऱ्या आईला फरफटत नेले." दाव्यात परस्परविरुद्ध मुद्दे पर्याय म्हणून मांडण्याची मुभा असते, हे मी जाणतो, पण दोन्ही मुद्द्यांवर एकाच वेळी आपल्या बाजूने हुकूमनामा मागणारा वादी मी अद्याप पाहिलेला नाही. आईला घरी ठेवणे हा गुन्हा आणि बरोबर घेणे हाही गुन्हा, असे ज्यांना वाटते त्यांची तक्रार खरोखर कशाबद्दल आहे, हे शोधले पाहिजे.

चालण्याबद्दल ती असणे शक्य नाही. आळंदीहून पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर आहे. पोर्तोहून सांतियागो जवळपास तितकेच. आषाढीच्या वारीत सत्तरी ओलांडलेल्या बाया डोईवर तुळस घेऊन चालतात, तेव्हा त्यांच्या मुलांना कोणी जाब विचारीत नाही. आमच्या गोव्यातूनही दिंड्या पंढरीला पायी जातात आणि त्यांना आपण हात जोडतो.

परदेशाबद्दलही ती तक्रार नाही. ज्या गृहस्थांनी मला हटकले, त्यांच्या मातोश्री आजवर दोनदा अमेरिकेला जाऊन आल्या आहेत. दोन्ही खेपांना निमित्त बाळंतपणाचे होते. पाहुण्यांच्या व्हिसावर अमेरिकेत साधारणपणे सहा महिने राहता येते. तेवढे महिने एका आजीने राहायचे, ती परतली की दुसरीने जायचे, ही पाळी आज आपल्या मध्यमवर्गात इतकी रूढ झाली आहे की तिचा कोणाला विस्मयही वाटत नाही. त्या माउलीने बर्फाळ हिवाळ्यात बंद घरात सहा महिने बाळाला न्हाऊमाखू घातले, डिंकाचे लाडू वळले, कपड्यांच्या घड्या घातल्या. परत आल्यावर शेजारणींनी विचारले, "अमेरिका कशी आहे?" त्या म्हणाल्या, "खिडकीतून बरी दिसते." हे ऐकून सगळे हसले. या उत्तरात हसण्यासारखे काय आहे, हे मला तेव्हाही कळले नव्हते.

म्हणजे आईने सातासमुद्रापार जाण्याला आपल्या समाजाची हरकत नाही. तिने तिथे कामाशिवाय जाण्याला हरकत आहे. नातवंड सांभाळायला गेली तर ती धन्य, स्वतःच्या पायांनी स्वतःसाठी चालायला गेली तर तिच्या मुलाची अक्कल काढायची. नातवंडांवरचा आजीचा जीव खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. पुष्कळजणी आनंदाने जातात. पण तिकीट काढण्यापूर्वी तिला विचारले होते काय, एवढाच माझा प्रश्न आहे. ज्या घरांतून असा प्रश्न विचारला जातो, त्या घरांशी माझे भांडण नाही.

इतरांवर आरोप ठेवताना स्वतःला वगळणे न्यायाला धरून होणार नाही. आमचा बेत ठरला तेव्हा आईच्या सोबतीला रात्री कोण राहील, औषधे कोण आणील, याची यादी मी मोठ्या काळजीने तयार केली होती. ती वाचून झाल्यावर आई म्हणाली, "आणि मी आले तर?" मी तत्काळ तीन कारणे सांगितली: गुडघे, रक्तदाब आणि व्हिसा. पत्नी म्हणाली, "तुम्ही त्यांना कारणे सांगितलीत, त्यांना का यायचे आहे, हे कुठे विचारलेत?" त्यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आईला का यायचे होते, ते मला तिकडे गेल्यावर कळले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ती दहा वर्षांची होती व पोर्तुगीज प्राथमिक शाळेत शिकत होती. त्या भाषेतले पाढे तिला आजही येतात; पण ते म्हणून दाखवायला साठ वर्षांत तिला कोणी भेटले नव्हते. बार्सेलोसच्या अलीकडे अंगणात झाडांना पाणी घालणाऱ्या एका म्हातारीशी ती बोलू लागली. म्हातारीने तिचे एक क्रियापद दुरुस्त केले आणि दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना अर्धा तास उभ्या होत्या. त्या संभाषणात मला जागा नव्हती.

पुढे पोन्ते द लिमा गावी लिमा नदीवर जुना पूल आहे. रोमन सैनिक ही नदी विस्मृतीची नदी समजून ती ओलांडायला भ्याले, तेव्हा त्यांचा सेनापती एकटा पार गेला व पलीकडच्या तीरावरून त्याने एकेका सैनिकाला नावाने हाक मारली, अशी आख्यायिका आहे. ती मी आईला सांगितली. थोडे चालून झाल्यावर ती म्हणाली, "मला नावाने हाक मारणारे आता कोणी उरले नाही. सगळ्यांची मी आई, काकी नाहीतर आजी. इथे मुक्कामावरचा तो मुलगा मात्र पुस्तिकेवरचे नाव वाचून हाक मारतो."

2007 च्या कायद्याखाली वृद्ध आईबापांच्या वतीने मी अनेक अर्ज चालवले आहेत. त्या कायद्यातील निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवास आणि वैद्यकीय उपचार यांचा उल्लेख आहे. कायद्याने याहून अधिक मोजणे कठीण, हे मी समजू शकतो. परंतु ज्यांच्यावर कधी खटला भरण्याची वेळ येणार नाही, असे आपण सुशिक्षित, मातृभक्त लोकही त्याच चार शब्दांपाशी थांबतो आणि ऋण फिटले असे मानतो, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

सांतियागोला यात्रेचे प्रमाणपत्र मिळवायचे तर निदान शंभर किलोमीटर पायी चालावे लागते. आईने ते मागितलेच नाही. "टॅक्सीत बसले ते बसले. खोटे प्रतिज्ञापत्र करायला मी काही तुझी अशील नव्हे," असे तिने मला सुनावले. शिक्क्यांची पुस्तिका मात्र तिने देव्हाऱ्याखालच्या खणात जपून ठेवली आहे.

त्या गृहस्थांच्या मातोश्री येत्या महिन्यात तिसऱ्या खेपेला निघाल्या आहेत, यावेळी टोरोंटोला. तेथून नायगारा मोटारीने दोन तासांच्या आत गाठता येतो. तो पाहण्याची त्यांना इच्छा आहे काय, हे त्यांनी आपल्या आईला विचारावे; आणि मग मला भर रस्त्यात पुन्हा खुशाल हटकावे.